पांढरे ठसे

२४ ऑक्टोबर १९६५, रविवार

आज पुन्हा बादली. फरशी पुसायची बादली दाराच्या डाव्या अंगाला, अगदी भिंतीला चिकटून ठेवली होती, आणि एव्झेनने आत येता येता ती लाथाडली. सगळं पाणी स्वयंपाकघरभर. मी म्हटलं, "अरे, डोळे फुटले का तुझे?" तर म्हणतो, "ही बादली रोज जागा बदलते, लीदा. तिलाही या घराचा कंटाळा आला असेल." हसायला आलं, पण मी हसले नाही. हसले की त्याचं फावतं.

आमच्या लाँड्रीच्या युनियनने उरलेल्या वह्या वाटल्या, त्यातली ही. पाककृती उतरवायला घेतली होती. पण माझी बहीण प्राग सोडून ब्रनोला राहायला गेल्यापासून मनातलं बोलायला कुणी उरलं नाही, आणि नवऱ्याशी बोलावं तर तो हल्ली भिंतीशी बरा बोलतो. म्हणून इथे लिहिते.

एव्झेन ठसे काढतो. पोटासाठी कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासतो आणि जिवासाठी ठसे काढतो, असं त्याचंच म्हणणं. लढाई संपली तेव्हा बॉम्ब पडलेल्या कारखान्यातून त्याने वाकडे पत्रे, जळके खिळे, साखळ्या पोत्यात भरून आणल्या. त्यांना शाई चोपडली, वर ओला कागद घातला आणि आमच्या इमारतीच्या तळघरातल्या रुळाखालून काढला. हा रूळ भाडेकरूंनी धुतलेल्या चादरी दाबायला ठेवलेला. खालच्या मजल्यावरच्या क्रेइचोव्हाबाईंच्या उशीच्या अभ्र्यावर काळी साखळी उमटली, त्यावरून जे भांडण जुंपलं ते वीस वर्षं झाली तरी मिटलेलं नाही.

पण ते काळे कागद! पहिल्यांदा बघितला तेव्हा मला रडू फुटलं होतं, का ते विचारू नये. चित्रकार संघाच्या समितीला काही रडू आलं नाही. "कॉम्रेड तूमा, यात माणूस कुठे आहे?" त्यांनी विचारलं. एव्झेन म्हणाला, "बॉम्बच्या खाली." झालं, सदस्यत्व मिळालं नाही ते आजतागायत नाही.

ओला कागद वाळला की पापडासारखा वेडावाकडा होतो. तो सरळ करायचं काम माझं. कागद पालथा घालायचा, वर ओलसर सुती फडकं, मग इस्त्री, मग पुन्हा रुळाखालून एक फेरा. हॉटेलांचे टेबलक्लॉथ करणारे हात आहेत हे. पाहुणे आले की एव्झेन सांगायचा, "ठसा माझा, कागद लीदाचा." बरेच दिवसांत सांगितलेलं नाही.

२ नोव्हेंबर, मंगळवार

मृतांचा दिवस. ओल्शानीच्या दफनभूमीत सासूबाईंच्या थडग्यावर मेणबत्ती लावून आलो. ट्रॅममधून उतरल्यावर एव्झेनने माझा दंड धरला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी असा धरायचा. मला इतकं बरं वाटलं की फुलवालीने शेवंतीचे पैसे जास्त लावले तरी मी भांडले नाही.

अंधार पडत आला होता आणि सगळी दफनभूमी दिव्यांनी भरून गेली होती. एव्झेन म्हणाला, "यंदा लोकांनी कमीच लावल्यात मेणबत्त्या." मी म्हटलं, "कमी? अरे, आग लागल्यासारखं दिसतंय!" तो म्हणाला, "हो का? असेल." याला कशाचं कौतुक म्हणून नाही.

सासूबाई शेवटची बरीच वर्षं आंधळ्या होत्या. डॉक्टर म्हणाले साखरेने, सासूबाई म्हणायच्या नशिबाने. मी सून म्हणून घरात आले तेव्हा त्यांनी माझं तोंड चाचपलं आणि म्हणाल्या, "नाक मोठं आहे. चालेल." हा किस्सा एव्झेनच सगळ्यांना सांगायचा, पण आज थडग्यापुढे मी ही आठवण काढली तर हसला नाही. मी म्हटलं, "अरे, तुझीच आई, तुझाच विनोद." तो म्हणाला, "चल, गारठा वाढलाय."

१७ नोव्हेंबर, बुधवार

याला तपासणीतून काढून गोदामात टाकलंय. पगार कमी झाल्यावर मला कळलं, त्याने आपणहून सांगितलं नाही. का काढलं विचारलं तर म्हणे, "साहेबाशी वाजलं." वाजणारच. तोंड आहे की गिरणी. बुधवारी दुपारून सुटी असते म्हणे, पण घरी येतो तो रात्री जेवायच्या वेळेला. कुठे होतास? तर म्हणे फिरत होतो. डिसेंबर तोंडावर आलेला, रस्त्यावर चिखलबर्फ, आणि हा फिरत होता!

दारूचा वास मात्र येत नाही. आला असता तर निदान समजलं तरी असतं.

८ डिसेंबर, बुधवार

क्रेइचोव्हाबाईंनी आज सूड उगवला. जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "तूमोव्हाबाई, तुमच्या मिस्टरांची तब्येत कशी आहे?"

"ठणठणीत. का हो?"

"नाही, म्हटलं आधार घेऊन चालत होते. ट्रॅमच्या थांब्यावर. हिरवी टोपी घातलेल्या एका बाईंचा."

"असेल कुणी कारखान्यातली."

"असेल की. पण काय हो तो आधार! हातात हात, अगदी हळूहळू पावलं, नवरानवरी चर्चमधून निघाल्यासारखी. मी म्हटलं मला काय करायचंय?"

"मग करू नका काही," असं म्हणून मी वर आले. दार लावलं आणि खुर्चीवर बसले ती बटाटे करपेपर्यंत. पन्नाशी आली माझी. हात सोड्याने सोलवटलेले, पाय सुजलेले, नाक तर आधीपासूनच मोठं. हिरवी टोपी मला कधी शोभली नाही.

तो आला, जेवला, बटाटे करपलेत हेही त्याच्या लक्षात आलं नाही. मी काही विचारलं नाही. विचारलं आणि त्याने खरं सांगितलं तर मग मी काय करायचं?

२५ डिसेंबर, शनिवार

नाताळचा मासा पार पडला एकदाचा. कार्प मासा यंदा मोठा मिळाला. दोन दिवस जस्ताच्या टबात ठेवला होता, त्यामुळे एव्झेनला कागद भिजवायला टब नव्हता, आणि तो टबाशेजारी स्टुलावर बसून राहायचा. बाही वर करून हात पाण्यात. मासा त्याच्या तळव्यातून पुढे जायचा, वळून परत यायचा, आणि हा डोळे मिटून त्याच्या पाठीवरून बोटं फिरवत बसलेला. मी म्हटलं, "लग्न लाव आता त्याच्याशी." तो म्हणाला, "इकडे ये, लीदा, हे खवले बघ. डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत, उलटं फिरवलं की करवत." मला शंभर कामं. मी काही गेले नाही.

मारायची वेळ आली तेव्हा मागच्या वर्षीसारखा यानेच मारावा ना, तर खालच्या मजल्यावरून क्रेइचोव्हाबाईंच्या नवऱ्याला बोलावलं. बाईंसमोर आमची शोभा.

जेवायला बसल्यावर मासा ताटात, आणि हा एकेक घास बोटांनी चिवडत बसला. काटे बघायचे सोडून चाचपत होता. मी सकाळपासून राबून केलेलं आणि हा ते असं विस्कटून खातोय, तशात बुधवारचं मनात होतंच, माझा तोल गेला. "खायचं नसेल तर ठेव! तिकडे कुणी चांगलं करून घालत असेल." तो थांबला. "तिकडे कुठे?" म्हणाला. मी सॅलड वाढायला उठले. मग त्याने तो मासा सगळा संपवला, बटाट्याचं सॅलड दोनदा घेतलं आणि म्हणाला, "याच्यापेक्षा चांगलं कुणी करत नाही." सणाच्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

९ जानेवारी १९६६, रविवार

कामाला लागलाय, हे खरं. पण काम म्हणावं का त्याला? पत्रे नाहीत, खिळे नाहीत. पुठ्ठ्यावर कणकेच्या खळीने सुतळ्या चिकटवतो, त्यावर वाळू, कोंड्याची भुकटी, माझ्या शिवणाच्या डब्यातले दोरे. मग लोसिनीच्या गिरणीतला हातकागद, जो जपून जपून ठेवला होता, तो भिजवून त्यावर घालतो आणि रुळाखालून काढतो. शाई नाहीच! पांढऱ्यावर पांढरं. खिडकीपाशी तिरका धरला तर थोडीशी सावली दिसते, नाहीतर नुसता कोरा कागद गोवर आल्यासारखा.

मी विचारलं, "शाई संपली का?"

"आहे थोडी."

"मग कधी लावणार?"

"वेळ आली की सांगेन."

पुठ्ठे दाबाने चेपून जातात. एकदोन ठशांतच त्यांचा लगदा होतो. ते स्टोव्हमध्ये घाल म्हणाला, मी घातले. चांगले जळतात.

म्हणजे ही अजून तयारीच चाललीय, खरी छपाई पुढे. मग इतका महाग कागद तयारीला कशाला नासायचा? पण या घरात विचारायची चोरी. हल्ली तो कागदावर वाकून, नाक टेकेल इतकं जवळून बघतो, मग डोळे मिटून हात फिरवतो, आणि त्याच्या तोंडावर असं काही येतं की मला त्या हिरव्या टोपीवालीचा संशय येतो. तिचाच विचार करत असणार.

२२ जानेवारी, शनिवार

रोस्त्या आला होता. हा एव्झेनचा जुना मित्र, नाटकांचे पडदे रंगवतो, गडगडाटी हसतो. त्याने खटपट करून नाटकगृहाच्या बाहेरच्या लांब खोलीत एव्झेनचं प्रदर्शन ठरवलंय. फेब्रुवारीत! संघ नाही, समिती नाही. वीस वर्षांत पहिलं. मी त्याला रम घालून चहा दिला आणि वर केकही.

येताना तो काळ्या शाईचा मोठा डबा घेऊन आला. "घे, तूमा. नाटकगृहातून चोरून आणलीय. आता अख्खं प्राग काळं कर."

एव्झेनने डबा चाचपून फळीवर ठेवला. "नवे आहेत काही," म्हणाला. "पण ते भिंतीवर टांगायचे नाहीत. टेबलांवर मांडायचे. माणसांनी हात लावायचा."

"हात? अरे, लोक सॉसेज खाऊन येतात!"

"लागू दे सॉसेज."

रोस्त्या हसला. म्हणाला, "लीदाबाई, नवऱ्याचं डोकं फिरलंय, मला आवडलं. पाच तारखेला, शनिवारी, येऊन सगळं घेऊन जातो."

शाई आली, तारीख ठरली. आता तरी छापेल. मला वाटतं हे प्रदर्शन नीट झालं तर तो पुन्हा पहिल्यासारखा होईल, बुधवारचं आपोआप सुटेल. बायका पुरुषाच्या पडत्या काळात शिरतात. काळ सुधारला की जातात. मी लाँड्रीत असे दोन संसार बघितलेत.

२ फेब्रुवारी, बुधवार

मेणबत्त्यांचा सण. आजपासून दिवस मोठा व्हायला लागतो म्हणतात, आणि मलाही आज बऱ्याच दिवसांनी उजाडल्यासारखं वाटतंय.

शनिवार तोंडावर आला तरी याने शाईच्या डब्याचं झाकण उघडलेलं नाही. आज बुधवार, म्हणजे हा तिकडे. मी म्हटलं, जा. ती धरू दे हात. पण तिला कागद करता येईल का? या शहरात एव्झेन तूमाचा कागद करणारी एकच बाई आहे.

पलंगाखालून सगळे नवे कागद काढले. बघून जीव हळहळला. सायीसारखा जाड कागद, आणि ठिकठिकाणी फुगवटे, खळगे, सुतळ्यांचे वळ. यावर शाई कशी बसणार? मी लाँड्रीतून आज अर्ध्या दिवसाने सुटले होते. फडकी उकळून घेतली, म्हणजे डाग नको. एकेक कागद पालथा घातला, ओलावला, जरा मऊ पडू दिला, मग इस्त्री, कडेपासून मध्ये, घाई न करता. काही फुगवटे महाहट्टी. एक लांबट होता, खवल्याखवल्यांचा, तो तीनदा दाबला तेव्हा बसला. एकावर वरून खाली उतरणारा एक नाजूक वळ होता, तो मात्र पहिल्याच हातात गेला. मग सगळे फडक्यांच्या थरात घालून तळघरात रुळाखालून दोन फेरे. क्रेइचोव्हाबाई डोकावल्या. "काय, नवऱ्याची कामं का?" मी म्हटलं, "नवराबायकोची."

संध्याकाळी कागद असे झाले होते की वाटावं गिरणीतून आत्ता आणलेत. इतकं सुरेख काम हॉटेलांसाठीही कधी केलं नव्हतं. पुन्हा फळ्यांमध्ये बांधून पलंगाखाली ठेवले. सांगितलं नाही. त्याचा तो बघेल आणि म्हणेल, "कागद लीदाचा."

३ फेब्रुवारी, गुरुवार

देवा, मी काय केलं हे.

दुपारी आल्यावर त्याने फळ्या सोडल्या. मी भांडी घासत होते, मुद्दाम पाठ करून, कौतुकाची वाट बघत. बराच वेळ नुसती कागदांची सळसळ. मग म्हणाला, "लीदा, खिडकी उघडी आहे का?"

"नाही."

"हात गारठलेत माझे."

स्टोव्हवर हात धरले, चोळले, परत बसला. मी वळून बघितलं. तो कागदावर दोन्ही हात फिरवत होता, वरून खाली, कडेकडेने. कागद उलटा केला. दुसरा घेतला. तिसरा. बोटं तोंडात घालून ओली केली, परत फिरवली. त्याचा चेहरा असा पांढरा पडत गेला की मी ओले हात तसेच घेऊन धावले. "काय होतंय? छातीत दुखतंय का?"

तो म्हणाला, "बोटंही गेली, लीदा."

"बोटांना काय झालंय?"

"काही लागत नाही. सगळं गुळगुळीत." आणि मग एखाद्या लहान मुलासारखा, "डोळे गेले तेव्हा मी काही बोललो का? मी म्हटलं, ठीक आहे, बोटं आहेत. मग बोटं कशाला न्यायची?"

मग सगळं सांगितलं. दोन वर्षं झाली. आधी कडेचं जायला लागलं, मग संध्याकाळचं, आता पाईपातून बघावं तसं मधे एवढंसं राहिलंय, तेही ढगाळ. आईचंच आहे हे, साखर नव्हतीच ती. गोदामात त्यामुळेच टाकलं. बुधवारी अंधांच्या शाळेत जातो. काठी धरायला आणि बोटांनी वाचायला हेडविकाबाई शिकवतात, त्यांना स्वतःलाही दिसत नाही, म्हणून एकमेकांना धरून थांब्यापर्यंत येतात. "तुला का नाही सांगितलं? तू आईचं केलंस. अंथरूण, अंग पुसणं, सगळं. म्हटलं, पुन्हा तेच हिच्या नशिबी आलंय हे जितकं उशिरा कळेल तितकं बरं. आधी हे कागद होऊ देत. हे मी न बघता बघायला केले होते. बाकीच्यांनाही तसंच दाखवायचं होतं."

माझ्या डोक्यात बादली, मेणबत्त्या, हिरवी टोपी, मासा, सगळं एकदम आलं. डोळे फुटले का तुझे, असं मी विचारलं होतं.

मी तोंड उघडलं. इस्त्री शेल्फवर समोरच होती. आणि मी तोंड मिटलं.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

उठलाच नाही. भिंतीकडे तोंड. सूप ठेवलं, तसंच थंड झालं. म्हणाला, "रोस्त्याला सांग, येऊ नको. काही नाहीये."

सांगितलं तर त्याला कळेल की डोळ्यांतलं शेवटचं एवढंसं खर्चून जे केलं ते मी, त्याच्या बायकोने, इस्त्रीने मारलं. तो मला माफ करणार नाही. मी केलं नसतं. नाही सांगितलं तर तो आयुष्यभर समजणार की त्याचे हात मेले. दोन्हीत मीच. निदान दुसऱ्यात तो माझा राहील, असं मनात आलं. आलं, म्हणून लिहिते.

मघाशी पाणी पाजायला गेले तर पेला दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाला, "पेलासुद्धा नीट कळत नाहीये." पेला त्याला चांगला कळत होता. भीतीने त्याची बोटं त्याचं ऐकत नव्हती. असंच चाललं तर खरोखरच मरतील ती.

५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पलंगाच्या कडेवर बसले आणि सांगितलं. "मी इस्त्री केली, एव्झेन. बुधवारी. सगळ्यांना. मला वाटलं शाई लावायची आहे."

तो वळला नाही. "चांगली आहेस तू," म्हणाला. "पण उगाच खोटं बोलू नकोस. दया नको मला."

मी शपथा घेतल्या. आईची घेतली. विश्वासच ठेवीना! मग मला राग आला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा गुन्हा पटवून द्यावा लागतोय म्हणून राग आला. स्वयंपाकघरातून शहाजिरं आणि खसखस घेतली, एका ताटलीत कालवली आणि त्याच्या पुढ्यात आदळली. "ऊठ! निवड!"

"काय आहे?"

"तूच सांग. हात मेलेत ना?"

उठून बसला. बोटं ताटलीत घातली. थोडा वेळ नुसतीच ठेवली. मग एक शहाजिऱ्याचा दाणा चिमटीत धरून बाहेर ठेवला. मग दुसरा. मग भराभर. चादरीवर शहाजिऱ्याचा ढीग झाला, त्यात खसखशीचा एक दाणा नाही. तो हसायला लागला, हसता हसता त्याला हुंदका आला, मला धरून म्हणाला, "आहेत, लीदा! आहेत!"

आणि मग त्याचे हात माझ्या पाठीवर थांबले. त्याला पुढचं कळलं होतं.

"सगळे?" त्याने विचारलं.

"सगळे."

"मासा?"

"हो."

"जिन्याचा कठडा?"

"हो."

"तो मानेचाही?"

"कुणाची मान?"

"कुणाची म्हणजे? तुझी. केस वर बांधून भांडी घासतेस तेव्हाची."

 त्याने चादरीवरचं शहाजिरं ताटलीत परत भरलं. मग म्हणाला, "सरळ झाले का नीट?"

"आरशासारखे."

"होणारच. तू काम कधी अर्धवट टाकलं नाहीस." हे प्रेमाने म्हणाला की कसं, मी अजून ठरवू शकले नाही.

रोस्त्या दुपारी आला, वर येतानाच गात. एव्झेन शर्ट बदलून बसला होता. "नवे गेले," म्हणाला. "मीच तळघरात ठेवले, अक्कल गहाण टाकून. ओल लागली."

"अरे गाढवा! लीदाबाई, तुमचं लक्ष कुठे होतं?"

"तिला काय माहीत," एव्झेन म्हणाला. "तिला मी कधी काही सांगतो का?"

रोस्त्या जुने काळे कागद घेऊन गेला.

२० फेब्रुवारी, रविवार

शुक्रवारी प्रदर्शन उघडलं. गर्दी होती. एक दाढीवाला तरुण काळ्या साखळीपुढे उभा राहून रडला, आणि क्रेइचोव्हाबाई नवऱ्याला घेऊन आल्या आणि आपल्या अभ्र्याची गोष्ट सगळ्यांना अभिमानाने सांगत सुटल्या. एव्झेन माझा कोपर धरून उभा होता. कुणीतरी विचारलं, "नवं काय चाललंय?" तो म्हणाला, "नवं काही नाही." मला वाटलं जमिनीने मला पोटात घ्यावं.

आज जेवण झाल्यावर मीच विषय काढला. म्हटलं, "परत करूया. मी सुतळ्या कापून देते, खळ करते. मासाही आणते." त्याने मान हलवली. "तेव्हा मधलं थोडं दिसत होतं, लीदा. डोळा बोटाला सांगायचा आणि बोट डोळ्याला. आता डोळ्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही." परवापासून तो सकाळचा उजेडही खिडकीत हात धरून ऊब लागते का बघून ओळखतो. सोमवारपासून अंधांच्या कारखान्यात ब्रश करायला जाणार आहे.

मग म्हणाला, "ते कागद आण."

मी आणले. टेबल पुसून मांडले. त्याने एकेकावर हात फिरवला, सगळे संपेपर्यंत. मी समोर उभी. मग एक उचलला आणि ओठांशी नेला. हेडविकाबाई म्हणतात, बोटांना जे कळत नाही ते कधीकधी ओठांना कळतं. वरच्या कडेपासून हळूहळू खाली येत गेला, मध्ये थांबला, मागे गेला, परत आला.

"इथे आहे," म्हणाला.

"काय?"

"मानेचं खालचं टोक. पाठ सुरू होते तिथलं. दोरा तिथे जरा जाड होता, तुझ्या इस्त्रीला दबला नाही." त्याने माझा हात शोधला, माझं बोट धरून कागदावर टेकवलं. "लागलं?"

मी बोट फिरवलं. मग दुसऱ्या हाताचं फिरवलं. माझी बोटं सोड्याने खाल्लेली, त्यांचं काय सांगावं, म्हणून मी डोळे मिटून कागद ओठांना लावला, त्याने लावला होता अगदी तिथेच. गुळगुळीत होता. त्याचा चेहरा मी बघितला नाही.

"हो," मी म्हणाले. "लागलं."

"मग झालं तर," तो म्हणाला आणि कागद फळ्यांत बांधायला लागला.